तेरा शेंगदाणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. तिथे मी हात जोडते आणि दुसरंच काहीतरी पुटपुटते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता रोज सकाळी जे गिळून बसावं लागतं ते मावेनासं झालंय म्हणून असेल.

रोज सकाळी साडेसहाला मी तलावाकाठच्या बाकावर बसते. लखनौमध्ये, महानगर नावाच्या वस्तीत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका क्लबचा पोहण्याचा तलाव आहे, तिथे. माझी मुलगी ऋचा पोहते, मी बघते. तिच्या मनगटावर तिच्या बाबांचं घड्याळ असतं. पलीकडच्या टोकाला तिवारीजी उभे असतात, गळ्यात शिट्टी अडकवून. तलावाचे शिक्षकही तेच आणि बुडणाऱ्याला काढणारेही तेच. ऋचा त्या टोकाला पोचली की डोकं वर काढते, तिवारीजी वाकून तिला काही सांगतात — आणि इकडे मी बाकावर पुढे सरकून बघते. काय बोलत असतील? आज तो विषय निघेल का? मग ती वळते, पाय मारत माझ्याकडे येऊ लागते, आणि मी पुन्हा मागे टेकते. दिवसातून दहा वेळा.

कुठला विषय, ते सांगते. पण जरा मागून यावं लागेल. एकदम सांगायचं धाडस असतं तर एवढे दिवस गप्प कशाला राहिले असते?

माझे यजमान — मी त्यांना ‘हे’च म्हणायचे, इथेही तसंच म्हणते — रेल्वेत इंजिनिअर होते. आम्ही मूळचे साताऱ्याचे. बदली होऊन लखनौला आलो आणि इथलेच होऊन गेलो. मी एका शाळेत गणित शिकवत होते. हे लहानपणी कृष्णेत पोहलेले, त्यामुळे पाणी दिसलं की यांचे पाय थांबायचे नाहीत. क्लबचा तलाव एप्रिलमध्ये उघडायचा, थंडीच्या तोंडावर बंद व्हायचा, आणि तेवढे सगळे महिने यांची पहाट तिथेच. मला पाण्याची भीती. मी बाकावर बसून फेऱ्या मोजायचे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक फेरी, अशा चाळीस.

मोजायची पद्धत माझ्या आईची. ती साताऱ्याला मारुतीला एकशे आठ प्रदक्षिणा घालायची, तेव्हा पायरीवर दोन वाट्या ठेवायची आणि दर प्रदक्षिणेला एका वाटीतला एक शेंगदाणा दुसरीत टाकायची. माझ्याकडे दोन कप्प्यांची स्टीलची डबी होती. घरून चाळीस भाजलेले शेंगदाणे मोजून न्यायचे. यांचा हात भिंतीला लागला की एक दाणा इकडून तिकडे. शेवटचा दाणा पडला की डबी वाजवायची, हे पाण्याबाहेर यायचे आणि ओल्या हातानेच मोजून झालेले शेंगदाणे खात घरी चालायचे. जेवढं पोहलं तेवढंच खायचं, असा यांचा नियम. एखाद्या दिवशी पस्तीसच झाल्या तर उरलेल्या पाच दाण्यांकडे असे बघायचे, की मला हसू फुटायचं. पंधरा वर्षं हे असं चाललं. संसारात आमचं दोघांचंच असं जे काही होतं, ते बहुतेक त्या डबीत होतं.

मग ऋचाने घड्याळ पाठवलं.

ती तेव्हा बंगळुरूला नोकरीला होती. बाबांच्या साठीला भेट. हे घड्याळ आपोआप फेऱ्या मोजतं, मोबाइलवर आलेख काढतं, कितव्या फेरीला किती सेकंद लागले तेही सांगतं. यांच्यातला इंजिनिअर खूश! पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ऋचाने सगळं समजावलं, तलावाची लांबी कशी भरायची वगैरे. आणि एक गोष्ट तिने बजावून सांगितली. “बाबा, बीच में मत रुकना. घड्याळाला दीवार थोडी ना दिखती है. तुम्ही मध्ये थांबून पुन्हा सुरू केलंत, तर उसको लगेगा की भिंतीला लागून वळलात. एक लॅप ज्यादा गिन लेगा.” हे तेव्हा पट्ट्याचं भोक शोधत होते. त्यांनी हूं हूं केलं. ऐकलं ते मी.

हे लक्षात ठेवा. ऐकलं होतं मी.

दुसऱ्या दिवसापासून डबी नको झाली. “आता तू निवांत बस, हे सगळं बघतंय,” म्हणाले. शेंगदाण्यांत तेल किती असतं, तेही मोबाइलनेच त्यांना सांगितलं होतं म्हणे. आठवड्याभराने घरी चार मराठी कुटुंबं चहाला आली, तेव्हा यांनी सगळ्यांना आलेख दाखवला आणि वर म्हणाले, “हिची पद्धत बरी होती, पण हिचं यंत्र अर्ध्या फेऱ्या स्वतःच खाऊन टाकायचं!” सगळे हसले. मीही हसले. कपबशा उचलून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले, तेव्हा माझे कान तापले होते. मी एकही दाणा कधी खाल्ला नव्हता. पंधरा वर्षांत एकही नाही.

किती क्षुल्लक ना? मलाही वाचताना तसंच वाटतंय. पण राग लहान आहे की मोठा हे तो करणाऱ्याला कुठे कळतं?

मी डबी न्यायची थांबवली नाही. पदराआड धरून मोजत राहिले. आणि मला तफावत सापडली. घड्याळ म्हणायचं चाळीस, माझे दाणे अडतीस. गणिताच्या बाईला दुसऱ्याची चूक सापडली की जो आनंद होतो, तो मला झाला. खोटं का बोलू? त्या दिवशी मी गुणगुणत स्वयंपाक केला.

पहिलं वर्ष एकदोन फेऱ्यांच्या फरकात गेलं. दुसऱ्या वर्षी तलाव उघडला आणि फरक वाढू लागला. मे महिन्यात घड्याळ बेचाळीस, दाणे चौतीस. जुलैत चव्वेचाळीस आणि अठ्ठावीस. ऑगस्टच्या शेवटी घड्याळाने सेहेचाळीस दाखवले, हे दिवसभर तरंगत होते — “साठी उलटून एक वर्ष झालं आणि बघ, दम वाढतोय!” — आणि माझ्या डबीत बावीस दाणे होते.

सेहेचाळीस वजा बावीस. चोवीस. चोवीस वेळा हे मध्येच थांबले होते. मी बघत होते ना! तलावाच्या मध्यावर हे हळूच दोरीला धरायचे, दोन क्षण, तोंड आभाळाकडे. मग एक जोर लावून पुढे. घड्याळ त्या जोराला भिंत समजायचं. जितके जास्त थांबायचे, तितका आकडा मोठा व्हायचा. यांचं शरीर खचत होतं आणि आलेख वर चढत होता. दोन्ही गोष्टी एकत्र दिसत होत्या त्या जगात एकाच माणसाला.

आणि फक्त तलावातच दिसत होतं असंही नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर हे थांबायला लागले होते. थांबून घड्याळात बघायचे, जणू वेळ बघायचीच होती. मीही मागे थांबायचे. कपाळावर घाम असायचा. कधी डावा खांदा चोळायचे. मी कुलपाची किल्ली शोधत असल्याचं दाखवायचे.

तुम्ही म्हणाल, एकदा तरी बोलायचं होतंस. बोलले होते. एकदा. जूनमध्ये नाश्त्याला म्हटलं, “तुमचं घड्याळ जास्त मोजतं हं.” हे हसले, म्हणाले, “अजून शेंगदाण्यांचा राग गेला नाही वाटतं.” झालं. कित्येक महिने मी या एका वाक्याला धरून बसले — मी सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. पण काय सांगितलं होतं मी? घड्याळ चुकतंय, एवढंच. ‘तुम्ही मध्ये थांबताय, तुम्हाला दम लागतोय, मला भीती वाटतेय’ असं मी म्हटलं नव्हतं. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर होती. मी घड्याळाला हरवणारं निवडलं.

डॉक्टरांकडेही तेच. सप्टेंबरात वर्षाची तपासणी होती. डॉक्टरांनी व्यायामाचं विचारल्यावर यांनी मोबाइल पुढे केला. डॉक्टर तो आलेख बघून हसले. म्हणाले, “सर, आप तो मुझसे ज्यादा फिट हैं.” मग विचारलं, सांस फूलती है? हे म्हणाले, बिलकुल नहीं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बायको कधीकधी वेगळं सांगते, हे त्यांना माहीत असणार. माझ्या पर्समध्ये डबी होती, त्या सकाळची. वीस दाणे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

का? — हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय, की आता त्याची धारच गेलीय. उत्तर माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी तलावावर कार्यक्रम होता. त्याची मी वाट बघत होते.

हंगाम संपण्याआधी क्लबमध्ये ज्येष्ठांची एक गमतीची स्पर्धा असते. अर्ध्या तासात कोण जास्त फेऱ्या मारतो. घड्याळाचा आकडा धरत नाहीत, प्रत्येकाच्या फेऱ्या काठावरचा एक माणूस मोजतो. यांनी नाव दिलं होतं. सगळ्यांना सांगत सुटले होते की तीस तर सहज. आणि तिवारीजी मला म्हणाले होते, “भाभीजी, भाईसाहब की गिनती आप ही करेंगी.”

तुम्हाला कळतंय का? मी मोजणार होते. सगळ्यांसमोर. चहाला येऊन हसलेली चारही कुटुंबं तिथे असणार होती. अर्धा तास संपला की तिवारीजी मला आकडा विचारणार, आणि मी डबी उघडून शांतपणे खरा आकडा सांगणार. हे मनगट दाखवून भांडतील, घड्याळ तीस म्हणतंय म्हणतील, आणि मी म्हणेन, मोजून बघा. डॉक्टरांच्या खोलीत मी गप्प बसले ती यासाठी. तिथे बोलले असते तर डॉक्टरांनी पोहणं बंद केलं असतं. मग माझा रविवार गेला असता.

वाचलंत? पुन्हा लिहू? माझा रविवार गेला असता.

त्या सकाळी ऊन लवकर चढलं होतं. सहा जण पाण्यात उतरले. हे आमच्या बाजूच्या कडेच्या पट्ट्यात. उतरण्याआधी माझ्याकडे बघून यांनी मनगट हलवलं, चिडवल्यासारखं. मी डबी उघडून मांडीवर ठेवली. आज लपवायची गरज नव्हती.

पहिल्या चार फेऱ्या यांनी जोरात मारल्या. पाचव्या फेरीला मध्ये थांबले. सहाव्या फेरीला दोनदा. बाकीचे पुढे गेले. आठ, नऊ, दहा. मी दाणे टाकत होते आणि मनातल्या मनात दुसरा आकडाही चालवत होते, घड्याळाचा. बाराव्या फेरीनंतर यांनी माझ्याकडच्या भिंतीला धरून बराच वेळ घेतला. ओठ वेगळेच दिसत होते, निळसर, पण मी म्हटलं उन्हाने तसं वाटतंय. खरंच तसं म्हटलं का मी? की आता म्हणतेय?

तेरावी फेरी संपवून हे परत निघाले आणि मध्यावर दोरीला धरून थांबले. या वेळी तोंड आभाळाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. यांनी घड्याळाचा हात पाण्याबाहेर काढला, अर्धवट. मला वाटलं आकडा बघतायत. 

तिवारीजी काठाकाठाने चालत आमच्या बाजूला आले होते. त्यांनाही ते दिसलं. त्यांनी मला विचारलं, “भाभीजी, भाईसाहब ठीक हैं ना? रोक दें?”

आणि मी म्हटलं, “नहीं नहीं, ठीक हैं. ये ऐसे ही रुकते हैं.”

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

आठ मिनिटं उरली होती. यांना आत्ता बाहेर काढलं तर स्पर्धा अर्धवट राहील, हे म्हणतील, बाहेर काढलं म्हणून, नाहीतर तीस झाल्या असत्या. घड्याळाचा आकडा खोटा ठरणार नाही. एवढा सगळा विचार माझ्या डोक्यातून तिवारीजींचं वाक्य संपायच्या आत गेला. तिवारीजींनी मान डोलावली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. बायको सांगतेय म्हटल्यावर ते तरी काय करणार? मी दोरीकडे परत पाहिलं तेव्हा दोरी होती. हे नव्हते.

शिट्टी, धावपळ, पाणी. तिवारीजींनी उडी टाकून काही क्षणांत यांना वर आणलं. छाती दाबली, गाडी आली. दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, बहुधा पाण्यातच. मला म्हणाले, असं अचानक होतं. मी म्हटलं, हो, अचानक.

डबी माझ्या हातातच होती. घट्ट बंद केलेली. कधी बंद केली आठवत नाही.

ऋचा त्याच दिवशी विमानाने आली. ती शांतपणे सगळं करत होती. तेरावा झाला, नातेवाईक गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. ती बाबांचं घड्याळ मोबाइलला जोडून बसली होती. फडताळात चहाच्या डब्यामागे मी ती डबी ठेवली होती, उघडायची हिंमत झाली नव्हती. ऋचा साखर शोधायला उठली आणि तिला डबी दिसली. तिने उघडली. एका कप्प्यात तेरा, दुसऱ्यात बाकीचे. लहानपणापासूनची तिच्या ओळखीची डबी. ती खुर्चीवर बसली आणि मोबाइलकडे बघत दाणे खायला लागली. मोजून झालेल्या कप्प्यातले. बाबा खायचे तेच.

मी ओट्याशी उभी होते. तिच्या हाताकडे बघत होते. एक. दोन. तीन.

“आई, शेवटच्या दिवशी बावीस लॅप्स,” ती म्हणाली. चार. पाच. मग तिच्या कपाळाला आठी पडली. कामच तिचं असलं, आकड्यांत खोट शोधायचं. “पर ये टाइमिंग देखो ना. कुठल्या फेरीला अठरा सेकंद, कुठल्या फेरीला चाळीस. ऑगस्टपासून सगळं असंच आहे.” सात. आठ. तिने मान वर केली. डोळे सुजलेले होते. “आई, बाबा बीच में रुकते थे क्या?”

तिला उत्तर माहीत नव्हतं, पण ती त्याच्या दारात उभी होती. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“छे,” मी म्हटलं. “सलग पोहायचे. शेवटपर्यंत.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिचा चेहरा सैल पडला, आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. म्हणाली, म्हणजे त्यांना त्रास नव्हता, ते मजेत होते, कुणाला कळण्यासारखं काही नव्हतंच. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. नऊ. दहा. रडता रडता तिने उरलेले दाणेही संपवले. अकरा, बारा, तेरा. मग डबी धुऊन पालथी घातली.

तिवारीजींना मी सांगितलं होतं, हे असेच थांबतात. मुलीला सांगितलं, हे कधीच थांबायचे नाहीत. ती दोन माणसं आता रोज सकाळी तलावाच्या त्या टोकाला, माझ्यापासून पंचवीस मीटरवर, एकमेकांशी बोलतात. ऋचा बदली घेऊन लखनौला आली, माझ्यासाठी. मी एकटी पडू नये म्हणून. बाबांचा तलाव सोडायचा नाही, म्हणाली. तिवारीजी अजून काही बोललेले नाहीत. मला नमस्कार करतात, पण पूर्वीसारखे बाकापाशी थांबत नाहीत. त्यांनाही तो रविवार आठवत असणार. एक दिवस ते सहज बोलून जातील, भाईसाहब तो बीच में रुकते ही थे, आपकी मम्मी ने बताया था. एक दिवस नक्की.

काल ऋचा पाण्याबाहेर आली आणि तिने मनगट माझ्यापुढे धरलं. वीस. मी डबी नेत नाही आता, पण बोटांवर मोजत असते. माझ्याही वीसच होत्या. ती मध्ये कुठेच थांबत नाही. “आई, देख, एकदम सही गिनता है,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, न थांबणाऱ्याच्या फेऱ्या ते अगदी बरोबर मोजतं. तिने टॉवेल घेतला आणि आम्ही घरी निघालो.